वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलींच्या संग्रहालयात हौशी माणसाने काय पाहावे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची निघाली. मोटारसायकलींचे संग्रहालय पाहायला जायचे आहे, परंतु आपण ना मेकॅनिक ना संग्राहक, तर तिथे नेमके काय पाहायचे, असा या पत्रांचा सूर आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : मला दुचाकीची आवड आहे, पण ती चालवण्यापुरती, इंजिन खोलून पाहण्याच्या वाटेला मी कधी गेलो नाही. लवकरच एका मोठ्या संग्रहालयात जाण्याचा योग आहे आणि हाताशी जेमतेम एक दुपार आहे. पूर्वी विमानांचे संग्रहालय पाहिले, तेव्हा तासाभरातच सगळे सारखे दिसू लागले होते. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे?

प्रत्येक गाडीसमोर थोडा वेळ थांबत, फलक वाचत पुढे सरकत राहिले की विसाव्या-पंचविसाव्या गाडीपाशी डोळे थकतात, आणि हे जाणकारांचेही होते. म्हणून पहिल्या फेरीत फलक वाचूच नका. सगळी दालने एकदा नुसती डोळ्यांखालून घाला, थांबू नका, फोटो काढू नका. या फेरीत चार-सहा गाड्या अशा निघतील की त्यांच्यापासून पाय निघणार नाही. त्या का आवडल्या याचे कारण तुम्हाला सांगता आले नाही तरी चालेल. उरलेला सगळा वेळ त्या गाड्यांना द्या. बाकीच्या राहिल्या याची चुटपुट लागेल, ती लागू द्यावी.

आता निवडलेल्या गाडीकडे पाहायचे कसे, हा खरा प्रश्न. तुम्ही रोज दुचाकी चालवता, हेच तुमचे मोठे भांडवल आहे. गाडीसमोर उभे राहून स्वतःला एवढेच विचारा, की ही मला आत्ता सुरू करून रस्त्यावर न्यायची असेल, तर माझे हात आणि पाय कुठे जातील? १९१० च्या आसपासच्या एखाद्या युरोपीय गाडीचे हँडल या दृष्टीने पाहिले, तर हौशी चालकही चक्रावून जातो. त्यावर फिरवायची मूठ बहुधा नसते. पेट्रोलचे मिश्रण किती सोडायचे यासाठी एक लहानशी दांडी असते आणि हवा किती घ्यायची यासाठी तिच्याच शेजारी दुसरी. ठिणगी थोडी आधी पडावी की थोडी उशिरा, हे ठरवणारी तिसरी दांडी असते, कारण इंजिनाचा वेग वाढेल तशी ठिणगीची वेळ चालकानेच बदलायची असे. आणखी एक दांडी इंजिनातला दाब क्षणभर सोडून देण्यासाठी असते. हँडलवरून नजर खाली आणली की टाकीच्या बाजूला एक हातपंप दिसतो. तो तेलाचा. काही मैल गेले की चालकाने तो आठवणीने दाबायचा, म्हणजे इंजिनाला तेलाचा एक हप्ता मिळे; ते तेल फिरून परत येत नसे, काही जळून जाई आणि उरलेले रस्त्यावर पडे. पंप दाबायला विसरले तर इंजिन जाम होई, आणि जास्त दाबला तर मागे निळा धूर सोडत जावे लागे.

त्या गाडीला क्लच आहे का, हेही शोधा. अनेक प्रारंभीच्या गाड्यांना तो नव्हताच. इंजिनापासून मागच्या चाकाच्या मोठ्या कप्पीपर्यंत एक पट्टा सरळ गेलेला दिसेल. गाडी ढकलत पळायचे, इंजिनाने पेट घेतला की उडी मारून बसायचे, आणि वाटेत थांबावे लागले की इंजिनही बंद पडायचे. पाऊस आला की पट्टा घसरे. पुढे चेन, गिअरपेटी आणि क्लच आले ते या रोजच्या अडचणींतून, आणि ही साखळी एकदा लक्षात आली की संग्रहालयातील रांगेला अर्थ येऊ लागतो.

गाडीचा काळ फलक न वाचता अजमावण्याच्या काही खुणा सांगतो. पेट्रोलची टाकी सांगाड्याच्या वरच्या दोन नळ्यांमध्ये चपट्या पेटीसारखी अडकवलेली असेल, तर ती गाडी, विशेषतः ब्रिटिश असेल तर, १९२० च्या दशकातील किंवा त्याआधीची असण्याचा संभव फार मोठा. नळीवर खोगीर टाकावे तशी दोन्ही बाजूंनी उतरलेली फुगीर टाकी त्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली. गिअर बदलण्याची लांब दांडी टाकीच्या कडेला असेल तर तो हाताने गिअर टाकण्याचा काळ; प्रत्येक वेळी दाबल्यावर नेमका एकच गिअर बदलणारा पायाचा गिअर व्हेलोसेट कंपनीने १९२८ मध्ये आणला आणि पुढच्या दशकात तो सर्वत्र पसरला. पुढच्या चाकाच्या वर हँडलपाशी एकच मोठी स्प्रिंग आणि लोखंडी पट्ट्यांची जुळणी दिसली तर ती धक्के सोसण्याची जुनी पद्धत. आज आपल्या परिचयाच्या, एकात एक सरकणाऱ्या आणि आत तेल असलेल्या नळ्या बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये उत्पादनात आणल्या. गाडीच्या मागच्या चाकाला कोणतीही स्प्रिंग दिसत नसेल आणि गादीखाली मात्र दोन जाड स्प्रिंगा असतील, तर रस्त्याचे सगळे धक्के सोसण्याचे काम त्या गादीकडे होते असे समजावे. जुन्या ब्रिटिश आणि इटालियन गाड्यांत पायाचा गिअर उजवीकडे सापडेल. तो डावीकडे गेला तो मुख्यतः अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या मध्यात केलेल्या नियमामुळे. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रूढ झाला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून. चार सिलिंडर आणि बटणावर सुरू होणारे इंजिन हेही त्याच गाडीत होते, त्यामुळे तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांमधला फरक नवख्या डोळ्यांनाही जाणवतो.

संग्रहात हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर यांची १८९४ ची गाडी किंवा तिची प्रतिकृती असेल, तर ती मात्र चुकवू नका. मालिका पद्धतीने उत्पादन झालेली ही पहिली मोटारसायकल. हिचे इंजिन १,४८९ सीसीचे होते, म्हणजे आजच्या कित्येक मोटारगाड्यांच्या इंजिनांपेक्षा मोठे, आणि शक्ती मात्र अवघ्या अडीच अश्वशक्तीची. खाली वाकून मागच्या चाकाकडे पाहिले तर दोन्ही बाजूंना लांब लोखंडी दांडे दिसतील. ते पिस्टनपासून निघून, वाफेच्या आगगाडीत असतात तसे, थेट मागच्या चाकाला जोडलेले आहेत. इंजिनाची गती एकसारखी ठेवणारे वेगळे जड चाक (फ्लायव्हील) इंजिनात नाहीच. ते काम हे भरीव मागचे चाकच करते. इंजिन थंड ठेवणारे पाणी कुठे असावे, तर मागच्या मडगार्डच्या पोकळीत. मोटारसायकल कशी असावी हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते, त्या काळातील माणसे किती मोकळेपणाने विचार करत होती, हे या एका गाडीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते.

प्रश्न : एका संग्रहालयात काही गाड्या आरशासारख्या चकचकीत होत्या, तर त्यांच्या शेजारीच एक गंजलेली, रंग उडालेली गाडी तशीच मांडलेली होती. संग्रहालयाने तिची दुरुस्ती का केली नसावी? आणि चकचकीत गाड्या खरोखर जुन्या असतात की नव्याने बनवलेल्या?

ती गंजलेली गाडी बहुधा त्या दालनातील सर्वांत मोलाची असावी. कारखान्यात चढवलेला मूळ रंग, त्यावरची हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ, गादीचे फाटलेले चामडे, पाय ठेवण्याच्या रबरावर एका बाजूनेच झालेली झीज, या सगळ्यांतून ती गाडी कोणी, कशी आणि किती वापरली हे कळते. एकदा ती खरवडून रंगवली की हा पुरावा कायमचा जातो आणि कितीही पैसा ओतला तरी तो परत आणता येत नाही. म्हणून अलीकडे जाणते संग्राहक अशा गाडीचा गंज पुढे वाढू नये एवढीच काळजी घेतात आणि बाकी हात लावत नाहीत. मला स्वतःला अशा गाड्या अधिक प्रिय आहेत, आणि नव्या दर्शकाने दालनातील निदान एक तरी अशी गाडी शोधून तिच्यापाशी रेंगाळावे, असे मी आग्रहाने सांगेन.

चकचकीत गाड्यांचे म्हणाल, तर त्यांच्यात तीन जाती असतात. काहींचे सगळे भाग मूळचे असून फक्त रंग आणि मुलामा नवा असतो. काही दोन-तीन मोडक्या गाड्यांचे भाग एकत्र करून उभ्या केलेल्या असतात. आणि काही संपूर्ण प्रतिकृती असतात. यांत फसवणूक असतेच असे नाही, चांगले संग्रहालय फलकावर तसे लिहिते. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनवलेली लाकडी सांगाड्याची दुचाकी, जिला अनेकजण पहिली मोटारसायकल मानतात, ती जर्मनीतील कानश्टाट येथील कारखान्याला १९०३ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. तेव्हा जगात जिथे कुठे ती गाडी दिसेल, तिथे ती प्रतिकृतीच आहे. तरीही ती पाहण्यासारखी आहे. २६४ सीसीच्या आणि अर्ध्या अश्वशक्तीच्या इंजिनाला चाचणीचे साधन म्हणून ती बांधली होती, आणि तोल जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना लहान मुलांच्या सायकलला असतात तशी आधाराची चाके आहेत.

डागडुजी किती प्रामाणिक आहे हे ओळखण्याची एक खूण कोणालाही जमण्यासारखी आहे. क्रोमियमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आला. त्याआधीचे हँडल, चाकाच्या कडा, दिव्यांची भांडी यांवर निकेलचा मुलामा असे. क्रोमियमची चमक थंड आणि निळसर असते, निकेलची किंचित पिवळट आणि मऊ. १९१४ च्या गाडीचे हँडल निळसर चकाकत असेल, तर कोणीतरी हौसेने चुकीचा मुलामा दिला आहे हे तुम्ही दूरवरूनच ओळखाल. टायरचेही तसेच आहे. रबरात काजळी मिसळून ते टिकाऊ करण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरली, तोपर्यंत टायर पांढुरके असत. त्यामुळे फार जुन्या गाडीवर पांढरे टायर दिसले तर ती सजावट आहे असे समजू नये.

आगीवरून आठवले, म्हणून सांगतो. इंग्लंडमध्ये सॉलिहलजवळ असलेल्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली आणि सुमारे ३८० गाड्या तिच्या तडाख्यात सापडल्या. संग्रहालय पुढच्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा उघडले आणि जळालेल्या सांगाड्यांतून कितीतरी गाड्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या. अशा गाडीला मूळ म्हणायचे की नवी, यावर जाणकारांत दुमत आहे. ज्या कारागिरांनी वितळलेल्या ॲल्युमिनियममधून त्या पुन्हा घडवल्या, त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो आणि त्या तिथे उभ्या आहेत हेच मला योग्य वाटते.

प्रश्न : माझ्या भावाला मोटारसायकलींचे वेड आहे आणि त्याच्या आग्रहाखातर मीही संग्रहालयात जाणार आहे. मला यंत्रांत रस नाही. माझा दिवस वाया जाईल का?

मुळीच नाही, फक्त भावाबरोबर चालू नका. तो सिलिंडर मोजत असेल तेव्हा तुम्ही माणसांच्या गोष्टी शोधा, कारण या यंत्रांना चिकटून आलेल्या गोष्टी फार मोठ्या आहेत.

ब्रफ सुपिरियर नावाची एक देखणी, महागडी ब्रिटिश गाडी अनेक संग्रहांत असते. पहिल्या महायुद्धातील अरब उठावामुळे प्रसिद्धीस आलेले टी. ई. लॉरेन्स यांना ती अतिशय प्रिय होती. मे १९३५ मध्ये सायकलवरील दोन मुलांना चुकवताना त्यांचा अपघात झाला आणि डोक्याच्या जखमेमुळे काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा चिकाटीने अभ्यास केला, १९४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वार जवानांना हेल्मेट सक्तीचे केले. आज आपण जे हेल्मेट घालतो त्याच्या इतिहासात त्या एका अपघाताचा असा वाटा आहे.

साइडकार जोडलेली पँथर ही गाडी दिसली, तर थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन यांची आठवण ठेवा. या दोघी १९३४ च्या डिसेंबरात ६०० सीसीच्या पँथरला साइडकार आणि मागे सामानाची गाडी जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैअखेरीस केपटाउनला पोहोचल्या. साइडकारमध्ये किती जागा असते ते पाहा, म्हणजे त्या प्रवासाची कल्पना येईल.

आणि होंडाची सुपर कब जिथे असेल तिथे आवर्जून थांबा, कारण बहुतेक लोक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. १९५८ मध्ये आलेली ही ४९ सीसीची लहान गाडी शर्यती जिंकण्यासाठी बनवलेली नाही. पायांवर चिखल उडू नये म्हणून पुढे प्लॅस्टिकचे कवच, सहज पाय टाकून बसता यावे म्हणून खाली घेतलेला सांगाडा, आणि हाताने दाबायचा क्लचच नाही. ज्यांनी कधी गाडी चालवली नव्हती अशा कोट्यवधी माणसांनी ती चालवली. २०१७ मध्ये तिच्या उत्पादनाने १० कोटींचा आकडा ओलांडला. दालनातील कोणत्याही शर्यतीच्या गाडीपेक्षा हिने अधिक आयुष्ये बदलली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गाड्यांना हात लावू देत नाहीत, त्यामुळे मुले हिरमुसतात. हा नियम इतका कडक का?

बोटांच्या घामात क्षार असतात आणि ते निकेल, पितळ व उघड्या पोलादावर राहिले की काही दिवसांत तिथे बोटाचा ठसा गंजाच्या रूपाने उमटतो. एका दिवसात शेकडो बोटे लागली तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. पाठीवरची पिशवी आणि जाकिटाची चेन यांनीही टाकीवर ओरखडे पडतात, म्हणून वाकताना पिशवी पुढे घ्यावी. बसून पाहण्यासाठी ठेवलेल्या गाड्या पुष्कळ ठिकाणी असतात. मुले बरोबर असतील तर आधी तिथेच जावे, म्हणजे पुढे त्यांचा धीर टिकतो. फोटो काढायचे असतील तर आधी गाडीचा, लगेच फलकाचा, असा क्रम ठेवावा, आणि गाडीचा फोटो उभ्याने काढण्याऐवजी चाकाच्या आसाच्या उंचीवर बसून काढावा.

प्रश्न : या गाड्या अजून चालू होतात का, की नुसते सांगाडे उभे असतात?

हे संग्रहालयाच्या धोरणावर अवलंबून आहे. अनेक ठिकाणी आगीच्या भीतीने टाकीतील पेट्रोल काढून टाकलेले असते. परंतु यंत्र नुसते उभे राहिले तरी बिघडते. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल चिकट होऊन त्याची बारीक छिद्रे बुजवते, रबरी सील वाळतात, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल ओघळून गेले की तिथे गंज धरतो. म्हणून काही संग्राहक गाड्या आळीपाळीने सुरू करतात. ट्रायल्स प्रकारातील (म्हणजे पाय जमिनीला न टेकता खडतर वाटेवरून गाडी नेण्याच्या स्पर्धांतील) नामवंत स्वार सॅमी मिलर यांचे इंग्लंडमधील संग्रहालय आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील व्हील्स थ्रू टाइम हे संग्रहालय यासाठी प्रसिद्ध आहेत. एखाद्या गाडीखाली पत्र्याची लहान थाळी आणि तीत तेलाचे ताजे थेंब दिसले, तर त्या इंजिनात अजून तेल आहे एवढे नक्की.

इंजिने सुरू करण्याचा दिवस ठरलेला असेल, तर भेट त्याच दिवशी ठेवावी. जुन्या शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलापासून बनवलेले तेल वापरत, कारण जास्त उष्णतेतही त्याचा थर टिकून राहतो; त्याच्या जळण्याला एक गोडसर, उग्र वास असतो आणि ज्यांनी तो एकदा घेतला त्यांना तो पुढे लगेच ओळखू येतो. एक सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाचे संथ, सुटे ठोके आणि चार सिलिंडरच्या शर्यतीच्या गाडीची किंकाळी एकापाठोपाठ ऐकली, की सिलिंडरची संख्या वाढवण्यासाठी अभियंत्यांनी इतका आटापिटा का केला, हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र लहान मुलांच्या कानांना संरक्षण द्यावे.

प्रश्न : पहिल्यांदाच जायचे असेल तर एकाच कंपनीचे संग्रहालय निवडावे की अनेक कंपन्यांच्या गाड्या असलेले?

पहिल्या वेळी अनेक कंपन्यांचे निवडावे. मिलवॉकी येथील हार्ले-डेव्हिडसनचे, बोलोन्यातील डुकाटीचे, मांडेल्लो देल लारिओ येथील मोटो गुझ्झीचे किंवा जपानमधील मोतेगी येथील होंडाचे संग्रहालय ही सगळी उत्तम आहेत, पण तिथे एकाच घराण्याची कहाणी असते आणि तिच्यात रंगून जायला त्या घराण्याची थोडी ओढ आधीपासून असावी लागते. १९२३ ची बीएमडब्ल्यू आर ३२ घ्या. अभियंते मॅक्स फ्रिझ यांनी तिचे दोन सिलिंडर वाऱ्यात दोन्ही बाजूंना काढले आणि चेनऐवजी दांड्याने मागचे चाक फिरवले. त्याच काळातील पट्ट्याच्या आणि चेनच्या गाड्या शेजारी उभ्या असतील तरच त्या रचनेचे नवेपण उठून दिसते. अमेरिकेत अलाबामातील बार्बर संग्रहालय हे जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक आहे, आणि जर्मनीत नेकार्सउल्म येथे एका जुन्या गढीत भरवलेले दुचाकींचे संग्रहालयही सर्वसमावेशक आहे.

तरीही जवळपास एखादा लहान, खासगी संग्रह असेल तर आधी तिथे जावे, असे मी सुचवेन. तिथे गाड्या थोड्या असतात, आणि त्या ज्याने जमवल्या तो माणूस पुष्कळदा स्वतःच दाखवायला येतो. एखादी गाडी कुठे सापडली, तिचा कोणता भाग किती शोधल्यावर मिळाला, हे त्याच्याकडून ऐकायला मिळते. असे संग्रह टिकवणे कठीण असते. लंडनमधील मोटारसायकल संग्रहालय २०१९ मध्ये बंद झाले आणि अमेरिकेत आयोवातील अ‍ॅनामोसा येथील राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालय २०२३ मध्ये. त्यामुळे जायचे मनात असेल तर फार लांबणीवर टाकू नका, आणि निघण्यापूर्वी ते त्या दिवशी उघडे आहे का, कोणते दालन बंद आहे का आणि संग्राहक स्वतः भेटतील का, हे विचारून घ्या.